जावक नोंदवहीत पत्र आहे, संगणकात मात्र सापडत नाही

नागपुरात डिसेंबर लागला की हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने विभागांकडून विचारणा सुरू होते आणि अनुदानित शाळा चालवणाऱ्या संस्थांपासून पतसंस्थांपर्यंत अनेक कार्यालयांत एकच धावपळ उडते: अमुक वर्षीचा प्रस्ताव, त्यावर पाठवलेले उत्तर आणि त्याची पोच आज दुपारपर्यंत सादर करावी. जावक नोंदवहीत क्रमांक असतो, दिनांक असतो, विषयही असतो. संगणकात मात्र त्या विषयाच्या नावाने एकतर काहीच मिळत नाही, किंवा ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेब दुरुस्त’ अशा तीन-चार फाइली मिळतात आणि त्यांपैकी सहीसाठी गेलेली कोणती हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. शेवटी निवृत्त झालेल्या बडे बाबूंना फोन लावला जातो. अधिवेशन संपते, लेखापरीक्षक येतात आणि तोच प्रकार पुन्हा घडतो. माहिती अधिकाराचा अर्ज आला की आणखी एकदा.

या तक्रारीवर सहसा मोठी हार्ड डिस्क घेतली जाते, सगळे कागद स्कॅन करण्याचे कंत्राट दिले जाते किंवा नवे सॉफ्टवेअर आणले जाते. पैसा खर्च होतो आणि वर्षभराने तक्रार जशीच्या तशी परत येते, कारण पाणी मुरते ते दुसऱ्याच ठिकाणी. कागदी व्यवस्थेत पत्र तयार होणे आणि पत्र दप्तरी दाखल होणे या दोन वेगळ्या क्रिया होत्या. सही झाली की जावक क्रमांक पडत असे, कार्यालयीन प्रत नस्तीत, म्हणजे त्या विषयाच्या कागदी फाइलीत, लागत असे, नस्तीच्या पानांना क्रमांक दिले जात असत आणि त्यानंतर ते पान बदलायचे म्हटले तरी बदलता येत नसे. संगणकावर पहिली क्रिया फार सोपी झाली आणि दुसरी कोणाच्याच कामाच्या यादीत न राहिल्यामुळे गळून पडली. त्यामुळे हा बिघाड शोधण्यातला दिसत असला तरी तो दाखल करण्यातला आहे, आणि दुरुस्तीही तिथेच करावी लागते.

ज्या शासकीय कार्यालयांत ई-ऑफिस प्रणाली चालते तेथे नस्ती कोणाकडून कोणाकडे केव्हा गेली याची नोंद प्रणालीच ठेवते. पुढील विवेचन मुख्यतः ज्यांच्याकडे अशी प्रणाली नाही अशा संस्थांसाठी आहे: शिक्षणसंस्था, न्यास, पतसंस्था, हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने, जिथे वर्ड, एक्सेल, ईमेल आणि एक सामायिक फोल्डर एवढ्यावरच सगळे दप्तर चालते.

आधी बिघाडाची जात ओळखावी

‘सापडत नाही’ या एका वाक्यात निरनिराळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. कधी अभिलेख, म्हणजे दप्तरी जपायचा कागद किंवा फाइल, संस्थेच्या ताब्यातच नसतो. तो कोणाच्या तरी खासगी ईमेलमध्ये किंवा मोबाइलमध्ये असतो. कधी तो असतो, पण त्याच्या अनेक आवृत्त्या असतात आणि खरी कोणती ते ठरवण्याचा आधार नसतो. कधी तो एकटाच, नेमका आणि खरा असतो, पण शोधयंत्रणेला दिसत नाही किंवा उघडल्यावर वाचता येत नाही.

कोणता प्रकार किती आहे हे पाहण्यासाठी जावक नोंदवहीतील मागच्या वर्षाचा कोणताही एक महिना घ्यावा, त्यातील काही नोंदी डोळे मिटून निवडाव्यात आणि ज्याने ती पत्रे टंकलिखित केली नाहीत अशा कर्मचाऱ्याला ती संगणकात शोधायला सांगावे. ज्याने पत्र लिहिले त्याला शोधायला लावले तर चाचणी निरर्थक ठरते, कारण तो फोल्डरमध्ये पाहतच नाही, स्वतःच्या आठवणीत पाहतो. शोधणारा कुठे अडला, एवढेच प्रत्येक नोंदीसमोर लिहावे. अर्ध्या दिवसाच्या या कामातून जी यादी हाती येते, तीवरून कंत्राटदाराच्या सादरीकरणापेक्षा जास्त समजते असा माझा अनुभव आहे.

जुन्या पत्रावर आजची तारीख

एक बिघाड इतका सर्रास आहे, आणि इतका क्वचित ओळखला जातो, की तो सविस्तर पाहणे भाग आहे. समजा, २०१९ मध्ये पाठवलेल्या पत्राची वर्ड फाइल सापडली. मजकूर तोच, विषय तोच, पण वरच्या कोपऱ्यात दिनांक आजचा. काल उघडली असती तर कालचा दिसला असता. पत्र तयार करताना दिनांक हाताने न लिहिता वर्डच्या यादीतून घातलेला असतो आणि ‘आपोआप अद्ययावत करा’ या चौकटीत खूण राहिलेली असते. अशा वेळी वर्ड त्या जागी दिनांक साठवत नाही, दिनांक दाखवण्याची आज्ञा साठवतो, आणि फाइल उघडताना किंवा छापताना ती आज्ञा पुन्हा पाळली जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे: दिनांकावर क्लिक केल्यास सगळा दिनांक एकत्र करड्या रंगाने झाकला जातो.

हे किरकोळ वाटू शकते, पण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अभिलेख जतन करण्याच्या ज्या अटी दिल्या आहेत, त्यांपैकी एक अट नेमकी याच जागेवर बोट ठेवते. माहिती पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध असावी. ती मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दर्शवते असे सिद्ध करता येईल अशा स्वरूपात असावी. आणि दस्तऐवज कोठून निघाला, कोठे गेला, कोणत्या दिनांकास व वेळी पाठवला किंवा मिळाला हे ओळखण्याचा तपशील त्यासोबत असावा. दररोज स्वतःचा दिनांक बदलणारी फाइल या अटींत कशी बसणार? माहिती अधिकारात तिची प्रत दिली गेली, तर संस्थेने मागील दिनांकाचे पत्र आता तयार केले असा संशय घेणाऱ्याला दोषही देता येत नाही.

दुरुस्ती दोन टप्प्यांत करावी. नव्या पत्रांसाठी दिनांक घालताना ती खूण काढून टाकावी. जुन्या फाइलीत त्या दिनांकावर कर्सर ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-नऊ या कळा एकत्र दाबल्यास आज्ञेचे साध्या मजकुरात रूपांतर होते. मात्र त्या क्षणी तेथे आजचाच दिनांक गोठतो. म्हणून मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत करावी, प्रतीतील दिनांक जावक नोंदवहीवरून हाताने लिहावा आणि ‘दिनांक जावक नोंदवहीवरून घेतला’ असा शेरा नोंदीत ठेवावा. शेऱ्याशिवाय केलेली दुरुस्ती ही मूळ बिघाडापेक्षा वाईट, कारण नंतर तिचा खुलासा कोणालाच करता येत नाही.

याच जातीचा दुसरा बिघाड म्हणजे पत्राने पत्राला खाणे. नवे पत्र लिहायचे असले की कर्मचारी मागच्या वर्षीचे तसेच पत्र उघडतो, नाव, रक्कम आणि संदर्भ बदलतो आणि सवयीने सेव्ह करतो. नवे पत्र तयार होते, जुने कायमचे जाते, आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. वर्डच्या माहितीच्या पानावर लेखक म्हणून दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाबूंचे नाव दिसले तर समजावे की ही फाइल पिढ्यान्‌पिढ्या अशीच वापरली गेली आहे. नेहमीच्या पत्रांचे नमुने वर्डमध्ये टेम्प्लेट म्हणून साठवावेत. टेम्प्लेटवर दोनदा क्लिक केले की दर वेळी नवी, बिननावाची फाइल उघडते आणि जुनीवर लिहिले जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

चार ‘फायनल’मधून खरी कोणती

येथे पहिला साक्षीदार म्हणजे पाठवलेल्या ईमेलसोबतची प्रत. फोल्डरमध्ये नंतर कितीही फेरफार झाले असले तरी ‘सेंट’मधील ईमेलला जोडलेली फाइल पाठवण्याच्या क्षणी जशी होती तशीच राहते. म्हणून शोध फोल्डरपासून नव्हे, संस्थेच्या अधिकृत ईमेलपासून सुरू करावा. टपालाने गेलेल्या पत्राच्या बाबतीत पोच असलेली सहीची कागदी प्रत हाच मूळ अभिलेख होय आणि संगणकातील वर्ड फाइल हा केवळ मसुदा. तिला अभिलेखाचा मान देण्याचे कारण नाही.

ईमेलमधील प्रत आणि फोल्डरमधील एखादी प्रत एकच आहे का, हे नजरेने तपासू नये. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासूनच असते. तिच्या साहाय्याने कोणत्याही फाइलचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीवरून गणिताने काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, काढता येते. ते ६४ अक्षर-अंकांचे असते. फाइलचे नाव बदलले तरी मूल्य तेच राहते. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ते पूर्ण बदलते. मात्र एक खबरदारी घ्यावी: वर्ड फाइल नुसती उघडून पुन्हा सेव्ह केली तरी मूल्य बदलू शकते, मजकूर अक्षरशः तोच असला तरीही. त्यामुळे मूल्ये जुळली तर फाइली एकच आहेत हे निश्चित म्हणता येते. जुळली नाहीत तर मजकूर वेगळा आहेच असे म्हणता येत नाही, आणि मग वर्डमधील तुलना करण्याची सोय वापरावी लागते.

फाइलीच्या तारखांवर विसंबताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोजमध्ये फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर केली की तयार झाल्याची तारीख प्रत केल्याच्या दिवसाची पडते, पण बदल केल्याची तारीख जुनीच राहते. त्यामुळे २०२३ मध्ये तयार झालेली आणि २०१८ मध्ये बदललेली अशी अजब फाइल दिसते. त्यात गैर काही नाही. २०२३ मध्ये संगणक बदलला गेला एवढाच त्याचा अर्थ. लेखापरीक्षकाने विचारण्याआधीच संगणक केव्हा बदलले याची एक साधी नोंद दप्तरात असली, तर पुढचा बराच वाद टळतो.

सही असलेली पीडीएफ पुन्हा ‘प्रिंट’ करू नये

डिजिटल सहीच्या बाबतीत उलटी तक्रार येते: फाइल सापडते, पण सही ‘गेलेली’ असते. बहुतेक वेळा असे झालेले असते की, पाने कमी करण्यासाठी किंवा दोन पीडीएफ जोडण्यासाठी कोणीतरी सही असलेली पीडीएफ ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलेली असते. नव्या फाइलीत सहीचे चित्र दिसते, नावही दिसते, पण त्यामागची तपासता येणारी सही उरत नाही. क्लिक केल्यावर काहीच उघडत नाही. यावर नंतर इलाज नाही. मूळ फाइल पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावी आणि ती आली त्या रूपात, नाव सोडून काहीही न बदलता ठेवावी.

सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘वैधता अज्ञात’ असा मजकूर दिसणे हा मात्र बिघाड नव्हे. भारतातील प्रमाणपत्रांचे मूळ प्रमाणपत्र त्या संगणकावरील पीडीएफ वाचकाच्या विश्वसनीय यादीत नसल्यामुळे तसे दिसते. सहीचे गुणधर्म उघडून, प्रमाणपत्राची साखळी प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांच्या (डिजिटल सह्यांची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याच्या) मूळ प्रमाणपत्रापर्यंत जाते याची खात्री करून ते विश्वसनीय ठरवले की हिरवी खूण येते.

मोबाइलमधले दप्तर

व्यवस्थापनाचे निर्णय आता व्हॉट्सॲपच्या गटांवर होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. अध्यक्षांनी गटावर ‘मंजूर’ असे लिहिले आणि त्यावर खरेदी झाली, तर तो संदेश हा अभिलेखच आहे, कोणाला आवडो वा न आवडो. अडचण अशी की तो संस्थेच्या ताब्यात नसतो. सचिवांनी फोन बदलला किंवा पद सोडले की संस्थेच्या इतिहासाचा तेवढा तुकडा त्यांच्यासोबत जातो.

कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, शिक्क्यावरील बारीक अक्षरे पुसट होतात, आणि अँड्रॉइड फोनवर फाइलला जे नाव मिळते त्यातील तारीख कागदाची नसते, फोटो काढल्याचीही नसते, ती त्या फोनवर फोटो आल्याची असते. तोच कागद ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोहोचते. तरीही खरा नियम एवढाच ठेवावा की गटावर झालेला निर्णय त्याच आठवड्यात संस्थेच्या अधिकृत ईमेलवर एका ओळीत कळवला जाईल आणि ती ईमेल आवक नोंदवहीत चढेल. गटावर बंदी घालणारी परिपत्रके मी पाहिली आहेत. ती सगळी त्याच गटावर पाठवलेली होती.

खासगी ईमेलचे तसेच. प्रत्येक टेबलासाठी, व्यक्तीच्या नावाने नव्हे तर पदाच्या नावाने, संस्थेचा स्वतंत्र ईमेल पत्ता असावा. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांसोबत त्याचा पासवर्ड आणि तो परत मिळवण्यासाठी जोडलेला मोबाइल क्रमांकही यावा. दुसऱ्या गोष्टीचा हमखास विसर पडतो आणि पासवर्ड माहीत असूनही ईमेल उघडत नाही.

मराठीतील फाइल असूनही शोधात येत नाही तेव्हा

हा भाग मराठी दप्तरांपुरताच आहे आणि इंग्रजीतून आलेल्या मार्गदर्शिकांत तो मिळत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी आपल्याकडे श्री-लिपी, कृतीदेव, सी-डॅकचे डीव्हीबी मालिकेतील फॉन्ट यांवर काम चालत असे. त्या फाइलींत मराठी अक्षरे मराठी म्हणून साठवलेलीच नसतात. इंग्रजी व इतर चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसते. अशा फाइलीची पीडीएफ केली असेल तर ती डोळ्यांना उत्तम दिसते, पण शोधात एकही शब्द लागत नाही.

उपाय करताना घाई करू नये. तो फॉन्ट ज्या जुन्या संगणकावर आहे तो भंगारात जाण्यापूर्वी त्याच्यावरच फाइली उघडून त्यांच्या पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार) प्रती कराव्यात. आयएसओ १९००५ या, पहिल्यांदा २००५ मध्ये आलेल्या मानकानुसार बनलेल्या या प्रतीत फॉन्ट फाइलीच्या आतच साठवला जातो. त्यानंतर शोधासाठी युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि रूपांतरित मजकुरातील नावे, रकमा व दिनांक माणसाने पडताळावेत, कारण रूपांतराचे साधन जोडाक्षरांत, रफारात आणि अंकांत हमखास चुकते. मूळ फाइल, पीडीएफ/ए आणि युनिकोड मजकूर तिन्ही ठेवावेत. पुरावा म्हणून पहिल्या दोनच.

युनिकोडमध्येही एक चकवा आहे. ‘ॲड.’ किंवा ‘ॲक्ट’ यातील पहिले अक्षर दोन प्रकारे टंकलिखित होते: स्वतंत्र एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण साध्या शोधाला ते वेगळे शब्द वाटतात. ‘ऱ्या’ मधील रफाराच्या जागी येणाऱ्या चंद्राकृती ‘र’ चेही तसेच, आणि मराठी व इंग्रजी अंकांचेही: नस्ती मराठी अंकांत नोंदली आणि शोध इंग्रजी अंकांत घेतला तर उत्तर ‘काही सापडले नाही’ असे येते आणि फाइल समोर पडलेली असते. कार्यालयात सर्वांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरावी. मी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी सुचवतो. फाइलच्या नावात अंक फक्त इंग्रजी ठेवावेत.

स्कॅन केलेल्या कागदांबद्दल थोडक्यात: स्पष्टता ३०० डीपीआयपेक्षा (दर इंचातील ठिपक्यांपेक्षा) कमी ठेवू नये, निळ्या शाईच्या सह्या व जांभळे शिक्के असतील तर रंगीत करावे, आणि कागदाची मागची बाजू तपासल्याशिवाय गठ्ठा पुढे पाठवू नये. आपल्या कार्यालयांत साहेबांचा शेरा अनेकदा पाठीमागेच असतो आणि कंत्राटदार पानांच्या संख्येवर पैसे घेतो, पाठपोट पाहण्यावर नाही.

मुख्य दुरुस्ती: दाखल करण्याचा क्षण

वरील सगळे उपाय लक्षणांवरचे आहेत. रोग हटवायचा तर पत्र दाखल होण्याचा एक निश्चित क्षण पुन्हा निर्माण करावा लागेल, आणि त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. सामायिक डिस्कवर दोन वेगळे फोल्डर करावेत. एक ‘मसुदे’, जिथे सगळ्यांना लिहिण्याची मुभा आहे आणि जिथे हवे तितके ‘फायनल’ असू द्यावेत. दुसरा ‘अभिलेख’, जो सगळ्यांना वाचता येतो पण ज्यात फाइल ठेवण्याचा अधिकार फक्त आवक-जावक टेबलाला आहे. जावक क्रमांक तोपर्यंत मिळणार नाही जोपर्यंत सहीची पीडीएफ त्या टेबलाकडे येत नाही. क्रमांक पडला की तेच टेबल फाइलला नाव देते: आधी वर्षाचे चार अंक, मग महिन्याचे दोन, दिवसाचे दोन, जावक क्रमांक, आणि शेवटी तीन-चार शब्दांत विषय. असे नाव दिले की फोल्डर उघडताच पत्रे आपोआप कालक्रमाने लागतात. जावक नोंदवही एक्सेलमध्ये असेल तर तिच्या शेवटच्या स्तंभात त्या फाइलचे हॅश मूल्य चिकटवावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

फोल्डर व्यक्तीच्या नावाने कधीही करू नयेत, विषयाच्या नावाने करावेत, आणि प्रत्येक विषयाच्या फोल्डरला जतनाचा वर्ग द्यावा. शासकीय कार्यालयांतील अ, ब, क, ड ही वर्गवारी बहुतेकांना ठाऊक आहे: ‘अ’ कायम, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. खासगी संस्थांना ती बंधनकारक नसली तरी तिचा सांगाडा उत्तम आहे. त्यात कायद्याचे आकडे भरावेत. कंपनीची लेखापुस्तके कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२८ नुसार किमान आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात, तर वस्तू व सेवा कराचे अभिलेख त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. ज्या संस्था माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली सार्वजनिक प्राधिकरण ठरतात, त्यांच्यावर कलम ४ नुसार अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका ठेवण्याचे कर्तव्य आहेच, आणि उत्तरासाठी हाती असतात तीस दिवस.

निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले अभिलेख काढून टाकणे, संगणकावर कोणी करतच नाही, कारण जागा स्वस्त आहे. पण वीस वर्षांचे मसुदे, दुबार प्रती आणि कर्मचाऱ्यांच्या आधार कार्डांचे फोटो एकाच ढिगात असले तर नेमके पत्र सापडण्याची शक्यता दरवर्षी कमी होते, आणि विनाकारण बाळगलेली वैयक्तिक माहिती ही वेगळीच जबाबदारी होऊन बसते. वर्षातून एकदा यादी करावी, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, मगच पुसावे, आणि काय पुसले त्याची यादी मात्र कायम ठेवावी. ज्या विषयावर न्यायालयात किंवा आयोगापुढे प्रकरण चालू आहे त्यातील काहीही मुदत संपली तरी पुसू नये.

बॅकअप

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या आसपासच्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरले. तळमजल्यावरील संगणक आणि त्याच टेबलाच्या खालच्या खणातील बॅकअपची डिस्क या दोन प्रती नव्हेत, एकच प्रत आहे हे तेव्हा अनेकांना कळले. एक प्रत कार्यालयात, एक दुसऱ्या वस्तीत आणि एक संगणकांच्या जाळ्यापासून (नेटवर्कपासून) पूर्ण तोडलेली असावी. क्लाउडशी आपोआप जुळणारे फोल्डर हा बॅकअप नाही: इकडे फाइल पुसली की ती तिकडेही पुसली जाते, आणि कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर कुलूपही तिकडे पोहोचते. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून कोणतीही एक फाइल परत काढून, तिचे हॅश नोंदवहीतील मूल्याशी जुळते का ते पाहावे. जुळवून न पाहिलेला बॅकअप आहे असे कोणी सांगितले तर मी तो नाही असेच धरतो.

प्रकरण न्यायालयात गेले तर

जालन्यातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कक्षातील चित्रीकरण हा कळीचा पुरावा होता. त्यावर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरणच हजर केले जात नसेल तर इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिलेला आहे. त्याचा एक भाग अभिलेख सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हीत हॅश मूल्य व ते कोणत्या पद्धतीने काढले हे नमूद करावे लागते. जावक नोंदवहीत ते मूल्य पाठवण्याच्या दिवशीच चढलेले असेल तर फाइल तेव्हापासून बदललेली नाही हे दाखवणे सोपे जाते. नोटीस आल्यावर काढलेले मूल्य फक्त नोटिशीनंतरची कहाणी सांगते.

मागच्या वर्षांच्या ढिगाचे काय, हा प्रश्न नेहमी येतो. सगळा ढीग एकदम लावायला घेऊ नये. असे उपक्रम दिवाळीच्या सुट्टीत सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत विसरले जातात. एक तारीख ठरवावी, शक्यतो १ एप्रिल, त्या दिवसापासून नवी पद्धत सुरू करावी, आणि जुना सगळा फोल्डर आहे त्या नावांसह, आहे त्या गोंधळासह, फक्त वाचण्यापुरता खुला करून ठेवावा. त्यातील ‘अ’ वर्गाचे विषय, म्हणजे जमिनीचे कागद, मान्यता, सेवापुस्तके, सभांची इतिवृत्ते, आधी बाहेर काढून नोंदवावेत. बाकीची फाइल जेव्हा कोणी मागेल तेव्हा, शोधून झाल्यावर, परत त्या ढिगात न ठेवता नव्या फोल्डरमध्ये नोंदवून टाकावी. जुन्या फाइलींची नावे ‘सुधारण्याचा’ मोह मात्र आवरावा, कारण जुन्या टिपणींत आणि ईमेलमध्ये त्यांचा उल्लेख त्याच वेड्यावाकड्या नावांनी झालेला असतो.